विनूअण्णांची फेरवाटणी

संगीत ऐकताना एका ठरावीक जागी विनूअण्णा हुद्दारांची तर्जनी वर जायची. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, आणि दारावर कुणीतरी हळूच टकटक केल्यासारखा चेहरा. मग डोळे उघडून आमच्याकडे बघत ते विचारायचे, "ऐकलंत?" आम्ही काहीच ऐकलेलं नसायचं. "घंटी हो. बारीक घंटी. वाजली की आत्ता, दोनदा!" आम्ही माना डोलवायचो. न डोलवून सांगता कुणाला?

संगीत म्हणालो खरं, पण त्यात गाणारा नव्हता. परदेशी रॉक, तेही बिनशब्दांचं. ढोल, गिटार, ऑर्गन यांचा एकेक तुकडा रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापायचा. मी मिरजेहून बँकेच्या बदलीवर धारवाडला आलो आणि मळमड्डीत अण्णांच्या घरी वरच्या मजल्यावर भाडेकरू झालो, ते साल नव्वदच्या थोडं पुढचं. धारवाडात राहायचं म्हणजे कानावर आपोआप चांगला ख्याल पडणार, अशा आनंदात मी होतो. पहिल्याच रविवारी फरशीखालून चार इंग्रज वाजत वर आले. मी तक्रार करायला खाली गेलो. अण्णांनी दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं, "सुम्ने कूड्री," म्हणाले आणि मला खुर्चीत बसवलं. मी गप्प बसलो. तो जो बसलो, तो पुढे कितीतरी रविवार बसतच राहिलो.

अण्णा दिवाणी कोर्टात वकील होते. जमिनीच्या आणि घरांच्या वाटणीचे दावे हा त्यांचा खास प्रांत. अशील आला की ते जमिनीचा उतारा बघत नसत, सर्व्हे नंबर विचारत नसत. पहिला प्रश्न एकच: "बहिणी किती?" एकदा अमरगोळकडचे दोघे भाऊ आले होते. अण्णांनी कानडीत विचारलं, "अक्क-तंगेरु एष्टु मंदी?" भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. थोरला म्हणाला, "त्या दिल्या की, साहेब, लग्न करून." अण्णा उसळले. "दिल्या म्हणजे मेल्या काय? आधी त्यांची नावं सांगा, मग तुमची." ते दोघे पुन्हा आले ते तीन बहिणींना बरोबर घेऊनच. "वाटणीत सगळ्यात आधी बहीण विसरतात. मुद्दाम नव्हे हो. लक्षातच येत नाही, हीच तर गंमत," असं अण्णा मला नेहमी सांगायचे.

हीच भाषा ते संगीतालाही लावत. त्यांच्या काचेच्या कपाटात कायद्याच्या जाड पुस्तकांच्या मधोमध काळे, जांभळे खोके उभे असायचे. खेड्यातल्या अशिलांना तोही कायदाच वाटायचा आणि वकिलाबद्दलचा आदर वाढायचा. ते होते बॉक्स सेट. एकाच जुन्या अल्बमचा खोका, आत चार-पाच तबकड्या आणि एक चित्रांचं पुस्तक. एका तबकडीवर मूळ अल्बम, दुसरीवर तोच नव्याने मिक्स केलेला. "एकच अल्बम पुन्हापुन्हा कशाला घेता?" असं मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"फेरवाटणी हो, जोशी! बँड एकच, वाजवलेलंही तेच. पण पहिल्या वाटणीत ड्रमवाल्याने दांडगाई करून सगळं लाटलं. बिचारा ऑर्गन कोपऱ्यात. आता नवा माणूस बसला, त्याने मूळ टेपा काढल्या, प्रत्येकाला त्याचा हिस्सा मोजून दिला. ऐका, ऑर्गन कसा ताठ मानेनं बसलाय."

हे ऐकायची शिस्त कडक होती. वहिनी दर रविवारी गिरमिट करायच्या, पण तबकडी संपेपर्यंत ते कुणी खायचं नाही. चुरमुऱ्यांचा आवाज होतो! तोवर गिरमिट सादळून लगदा व्हायचं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायच्या, "त्या इंग्रजांना बोलवा आता खायला." आम्ही तो लगदा मुकाट्याने खायचो.

आता ती घंटी. अण्णा कॉलेजात असताना एका मित्राचा बोटीवर काम करणारा भाऊ तिकडून एक रेकॉर्ड घेऊन आला होता. ती एका दुपारपुरती हुद्दारांच्या घरी आली. रेकॉर्ड प्लेअरही मित्राचाच. टेपरेकॉर्डरला जोडायची वायर नव्हती, म्हणून स्पीकरसमोर माइक धरून कॅसेट भरली. ही हकिकत अण्णा रंगवून सांगत. "घड्याळाचा लंबक काढून ठेवला. खिडक्यांना गोधड्या लावल्या. शेजारच्या म्हशीला आंबोण घालून गप्प केलं. सगळं मी एकट्यानं! माझा श्वाससुद्धा नाही हो त्या टेपेत." ती कॅसेट त्यांनी जिवापाड जपली होती. त्यात दुसऱ्या भागाच्या तोंडाशी, ऑर्गन थांबून गिटार सुरू व्हायच्या फटीत, ती घंटी होती.

पुढे तोच अल्बम विकत मिळाला, तर त्यात घंटी नव्हती. अण्णांनी निष्कर्ष काढला की कंपनीने नंतरच्या वाटणीत तिला दाबून टाकलं. मग नवा मिक्स निघाला की ते लंडनच्या दुकानाला पत्र धाडायचे, महिनोन् महिने पार्सलची वाट बघायचे. रविवारी आधी जुनी कॅसेट लागायची, मग नवी तबकडी. कॅसेटला तर्जनी वर जायची, तबकडीला नुसतीच थरथरून खाली यायची. "ही अमेरिकेची प्रत, माझी इंग्लंडची होती," असं एकदा ठरलं. मग इंग्लंडची आली, तिच्यातही नाही. कंपनीला त्यांनी विचारलं, घंटी कुणी वाजवली, नाव कळवावं. उत्तर आलं नाही. "नोटीस लागू झाली असं समजायचं," म्हणाले. पण चेहरा उतरला होता. "जोशी, एक वारस बेपत्ता आहे. त्याचं नाव कळल्याशिवाय मला चैन पडायचं नाही." एवढ्या मोठ्या माणसानं एका किणकिणाटासाठी असं झुरावं याचं मला हसू यायचं, आणि वाईटही वाटायचं. त्यांच्या जिवाला खरी रुखरुख आणखी एका गोष्टीची होती. उभ्या आयुष्यात हे संगीत मनापासून आवडणारं दुसरं माणूस त्यांना भेटलं नव्हतं. मी गिरमिटासाठी बसतो हे त्यांना ठाऊक होतं.

दोन हजार साल उलटून गेल्यावर जपानहून एक खोका आला. त्याच सुमारास सुधाअक्का, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, बेळगावहून मोतीबिंदू काढायला आल्या होत्या. एरवी त्या सणावाराला यायच्या, आल्या की स्वयंपाकघरात शिरायच्या. आता काळा चष्मा लावून बसायचं, वाचायचं नाही, टीव्ही नाही, चुलीजवळ जायचं नाही. म्हणून त्या रविवारी पहिल्यांदाच त्या दिवाणखान्यात आमच्याबरोबर होत्या.

रिवाजाप्रमाणे आधी कॅसेट लागली. ऑर्गन थांबला, किणकिण झाली, तर्जनी वर गेली.

"ऐकलंत?"

"ऐकलं की," अक्का म्हणाल्या. "अरे विन्या, त्या माझ्या बांगड्या."

अण्णांनी कॅसेट थांबवली. आजवर मध्येच थांबवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तुझ्या कशा असतील, अक्का?"

"मग कुणाच्या? तो माइक हातात देऊन मला स्पीकरपुढं बसवलं होतंस की. 'अक्का, हलायचं नाही, खोकायचं नाही.' स्टँड कुठं होता तुझ्याकडं? माझा हातच स्टँड. हाताला मुंग्या आल्या रे. म्हणून एकदाच उजव्या हातातला डाव्या हातात घेतला. बघ, दोनदा वाजतं." त्यांनी डोळ्यांच्या थेंबांची बाटली उचलली आणि या हातातून त्या हातात घेतली. बांगड्या आधी इकडे वाजल्या, मग तिकडे. अगदी तेच.

"मग बोलली का नाहीस तेव्हा?"

"टेप बिघडली म्हणून ओरडला असतास."

घड्याळाचा लंबक, गोधड्या, म्हैस, सगळं अण्णांच्या आठवणीत होतं. माइक कुणी धरला तेवढंच नव्हतं. ते मलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "बहिणी किती, हे मी सगळ्या जिल्ह्याला विचारलं हो."

मग त्यांनी अक्कांना विचारलं, "तुला आवडलं होतं ते?"

"आता विचारतोयस होय?" अक्का म्हणाल्या, आणि काळ्या चष्म्याआडून, बसल्या जागी, पुढचा गिटारचा भाग गुणगुणायला लागल्या. एक सूर इकडे नाही की तिकडे नाही. लग्न होऊन बेळगावला गेल्या, मुलं झाली, नातवंडं झाली, आणि एका दुपारी ऐकलेलं ते सगळं त्यांनी तसंच जपून ठेवलं होतं. अण्णा रडले. लपवलं नाही, चेहरा वळवला नाही, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत रडले. वहिनींनी त्या दिवशी गिरमिट मध्येच आणून वाटलं, आणि ते कुरकुरीत होतं.

अण्णांची खरेदी थांबली असेल असं कुणाला वाटेल, तर तसं झालं नाही. फक्त प्रत्येक नवा खोका ऐकून झाला की बेळगावच्या बसने अक्कांकडे रवाना व्हायचा. मग अक्कांचा फोन. "ड्रम फार पुढं आणलाय रे यात. जुनंच बरं होतं." अण्णा फोनवर हात ठेवून मला सांगायचे, "अपील दाखल झालं बघा!" त्यांच्या तोंडावर तसं सुख मी आधी पाहिलं नव्हतं.

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात अण्णा झोपेतच गेले. दिवस झाल्यावर त्यांचा बेंगळुरूचा मुलगा कपाटासमोर उभा होता. "काका, या खोक्यांचं काय करायचं? आम्ही दोघं भाऊ, दोघांनाही हे झेपत नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "बहिणी किती?"

"आम्हाला बहीण कुठंय?"

"तुम्हाला नव्हे रे. अण्णांना."

अक्का आल्या आणि सगळे खोके घेऊन गेल्या. जाताना ती जुनी कॅसेट मात्र त्यांनी माझ्या हातात ठेवली. "खोक्यांत मी नाही, म्हणून ते मला हवेत, ऐकायला. हिच्यात मी आहे, ती तुम्ही ठेवा. तुम्हाला त्या इंग्रजांचं काही कळत नाही, निदान ओळखीचं एक माणूस तरी भेटेल."

कळत नाही हे खरंच आहे. अजूनही तो मला गोंधळच वाटतो. पण एखाद्या रविवारी मी ती कॅसेट लावतो आणि गिरमिट बाजूला सारून त्या जागेपर्यंत थांबतो. ऑर्गन थांबतो, बांगड्या दोनदा वाजतात, माझी तर्जनी वर जाते. आणि दर वेळी वाटतं, केव्हाचा धरलाय तो माइक तिनं, हात अवघडला असेल.