ठेवलेली चूक

अकोल्याच्या त्या वाद्यदुरुस्तीवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. तंबाखूच्या खर्र्यानं बोटं माखलेली, म्हणून तो माझ्या डिजिटल पियानोची बटणं करंगळीनं दाबत होता. लेकीच्या साखरपुड्यात मी नुसती बोटं फिरवणार होतो. गाणं मी आधीच पियानोत रेकॉर्ड करून ठेवलेलं वाजणार होतं. त्यातले माझे चुकलेले सूर त्यानं एकेक करून दुरुस्त केले. एक मात्र तसाच ठेवला.

"हा काहून ठेवला?" मी विचारलं.

"राहू द्या, साहेब. सारंच बराबर वाजलं, त तुमी वाजवलं हे कोन मानन?"

साखरपुड्यात बायको माझ्या बोटांकडं संशयानं पाहत होती. तो सूर आला, तशी ती विहीणबाईंकडं वळून म्हणाली, "नाही हो, खरंच हेच वाजवून राहिले."