शंभर खोडलं, साडेअठ्ठ्याण्णव लिहिलं

अन्याय झाला तो लावण्यावर. नववी ब. गेल्या जुलैतला दुसरा सोमवार, मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास. तिचा गुन्हा एवढाच, की तिनं थर्मामीटरकडे बघितलं आणि दिसलं ते लिहिलं.

मी एका संस्थेत काम करते. प्रयोगाचं सामान गाडीत घालून आम्ही शाळांत जातो. त्या दिवशी सोलापुरात शुक्रवार पेठेजवळच्या एका शाळेत होते. पाण्याचा उत्कलनांक काढायचा होता, म्हणजे पाणी किती तापमानाला उकळतं ते मोजायचं. स्टँड, बर्नर, बीकर, थर्मामीटर, संपलं. पण मुलांच्या जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत, रीडिंग शनिवारीच भरलेलं होतं. सरांनी फळ्यावर लिहून दिलेलं. १००. ही रीत बहुतेक शाळांत चालते. आधी उत्तर, मग वेळ उरला तर प्रयोग.

लावण्यानं तो रकाना कोरा ठेवला होता. पाणी खळखळून उकळल्यावर तिनं लिहिलं, ९८.५.

विज्ञानाच्या माने सरांनी वही बघितली. "हे काय गं? खोड."

"सर, पारा त्याच्या पुढं जातच नाही की. परत परत बघितलं मी."

"मग डोळे तपासून घे. पुस्तक छापणारे येडे आहेत होय?"

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, तिच्या बर्नरला गॅस कमी पडलाय!" परत हशा. लावण्यानं शेजारणीकडून रबर मागून घेतलं. ९८.५ पुसलं, १०० लिहिलं. वर खाडाखोडीचा एक मार्क गेला.

तास संपल्यावर मी सरांना स्टाफरूममध्ये गाठलं. पाणी शंभरला उकळतं ते समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला. आपलं सोलापूर साडेचारशे मीटरच्या आसपास उंचावर. इथं दाब थोडा कमी, म्हणून पाणी थोडं आधी उकळतं. पोरगी बरोबर होती.

"मॅडम, मी बीएस्सी आहे. मला शिकवू नका," सर म्हणाले. "पेपरात शंभर लिहिलं तरच मार्क पडतात. वर्ग भरून पोरं, थर्मामीटर एक. तुम्ही कधीमधी येता, फुगे फोडता, टाळ्या घेता, जाता. सिलॅबस कोण संपवणार, तुमची गाडी?"

"थर्मामीटर आम्ही देतो. तिचा मार्क तुम्ही द्या."

आवाज वाढला तशी मुख्याध्यापिका बाई आल्या. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. "माने, मार्क देऊन टाका. आणि वर्गाला खरं काय ते सांगा. विषय संपला."

सर नाराज होते, पण हो म्हणाले. मी जिंकले. गाडीत बसता बसता संस्थेच्या पुढच्या पत्रकाचा मथळाही ठरवून टाकला.

पुढच्या महिन्यात थर्मामीटर घेऊन त्याच वर्गात गेले. या वेळी बीकरमध्ये मुद्दाम मूठभर मीठ टाकलं होतं. मिठाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळतं. पोरं चमकतील, 'असं का?' म्हणून भांडतील, असं मला वाटलं होतं. पाणी उकळलं. पारा शंभराच्या वर जाऊन थांबला.

"किती?" मी विचारलं.

"साडेअठ्ठ्याण्णव!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला. थर्मामीटर अजून कुणी बघितलाच नव्हता.

माने सर दारात उभे होते. चेहऱ्यावर समाधान. "बघा मॅडम, तुम्ही म्हणालात तसं सगळ्यांकडनं पाठ करून घेतलं. चाचणीतही विचारलं."

सरांनी शब्द पाळला होता. खरं काय ते सांगितलं होतं. फळ्यावर लिहून, पाच पाच वेळा लिहायला लावून.

मी लावण्याला पुढं बोलावलं. "तू वाच. काय दिसतंय?"

ती आली. पाऱ्याकडे बघितलं. मग सरांकडे बघितलं.

"साडेअठ्ठ्याण्णव, ताई."

"नीट बघ गं."

"कशाला?" ती हळू आवाजात म्हणाली. "तेच लिहायचंय की."

जुलैत हीच मुलगी पाऱ्यासाठी सरांशी भांडली होती. तिचा मार्क परत मिळाला. ती मुलगी नाही मिळाली. त्यानंतरही मी त्या शाळेत जाते. लावण्या आता दहावीत आहे, मार्क चांगले पडतात, आणि ती काहीही विचारत नाही.

बरोबर आकडा पाठ करून घेतला तरी पाठांतर ते पाठांतरच. आकडा बदलायला शाळा तयार होते. पद्धत बदला म्हटलं की सिलॅबस आडवा येतो.

तेव्हा आता तुम्ही ऐका. तुमची मुलगी किंवा मुलगा आज शाळेतून आला की जर्नल उघडायला सांगा आणि विचारा, यातलं तू स्वतः काय बघितलंस? ते गप्प बसलं, तर उद्या शाळेत जा. प्रयोगाआधी रीडिंग भरून घेणं बंद करा, असं तोंडावर सांगा. मार्क मागायला जाता ना, तसंच जा.