डावा बूट

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो, हे मी आजही मान वर करूनच सांगतो. मेहकर तालुक्यातल्या ज्या दगडखाणीत बाबा उभा जन्म सुरुंग लावत आले, तिथंच मला सुपरवायझरची नोकरी लागली. डोक्यावर पांढरं हेल्मेट, गळ्यात शिट्टी. सुरुंग उडाले की मी शिट्टी मारायची, मगच माणसांनी खाणीत उतरायचं.

पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांना बूट घालायला लावले. बाबांनीही घातले. पण वाती पेटवून आडोशाला आले की ते डावा बूट काढायचे आणि उघडा तळवा खडकावर टेकवून उभे राहायचे. चारचौघांत मला लाज वाटायची.

"बाबा, बूट घाला. नियम तुमच्यासाठी बी हाये."

"घालतो ना बाप्पा. एवढं उडू दे."

एका सकाळी सात सुरुंग भरले होते. धडाम, धडाम... मी बोटं मिटत गेलो. सातवं बोट मिटलं आणि शिट्टी ओठांना लावली. बाबांनी माझं मनगट धरलं.

"साहाच झाले."

"सात झाले. मी मोजले."

"कानानं मोजले तू. शेवटचा आवाज समोरच्या टेकडीनं परत धाडला. टेकडी कानाले फसवते, पायाले नाही."

ड्रिल मशीनवाला मागून म्हणाला, "साहेब, बापलेकाचं घरी करा. इथं ऊन वाढून राह्यलं."

सगळे हसले. मला राग आला होता, पण मनगट काही सुटेना.

"माह्यं खोटं निघालं तर उद्यापासून दोन्ही बूट," बाबा म्हणाले. "तुह्यं निघालं तर?"

मी शिट्टी खाली सोडली. बराच वेळ कोणाला हलू दिलं नाही. मग बाबा एकटेच उतरले आणि लांबूनच त्यांनी हात केला. कोपऱ्यातल्या एका भोकाची वात आतपर्यंत जळून विझली होती, दारू तशीच भरलेली. शिट्टी झाली असती तर त्याच्यापासून दोन वीत अंतरावर ड्रिल मशीन लागणार होतं. मशीनवाल्यानं आपलं मशीन मागं ओढून घेतलं.

दुपारी बाबांनी जरा अंतर ठेवून नवा सुरुंग लावला, त्याच्यासंगं तो जुनाही एकाच धडाक्यात उडावा म्हणून. आडोशाला मी डावा बूट काढला. दगड चटका देत होता.

आधी तळव्याखाली खडक हलला. झोपलेल्या बैलाची कातडी थरथरते तसा, एकदाच. मग छातीत धडाम. मग टेकडीवरून तेवढाच मोठा धडाम आला, आणि त्या वेळी पायाखाली काहीच हललं नाही. एवढा मोठा आवाज, आणि खडक गप्प! ज्याच्या हाताला अक्षर ओळखीचं नाही, त्या माणसानं हे शोधलं होतं, आणि इतकी वर्षं त्यावर माणसं जिवंत घरी पाठवली होती. मी त्यांच्या त्या भेगाळलेल्या पायाकडं बघत राहिलो.

"किती झाले?" बाबांनी विचारलं.

"एकच."

"हाव. मंग मार आता शिट्टी."