ओळंबेतात्यांनी बुजवलेली फट

ओळंबे हे काही तात्यांचं खरं आडनाव नव्हे. जन्मभर गवंडीकाम केलं, आणि कुणाकडे गेले की चहाआधी भिंत ओळंब्यात आहे का ते बघायचे, म्हणून लोकांनी चिकटवलेलं. बायको गेल्यावर मुलाकडे आले, ते घरामागच्या जुन्या विटांच्या खोलीत. "घरात रंगकाम चाललंय बाबा, चार दिवस काढा," मुलगा म्हणाला होता. रंग वाळून दोन वर्षं झाली.

त्या खोलीच्या दाराच्या चौकटीचं आणि भिंतीचं कधीच बिनसलं होतं. मध्ये बोटभर फट, वारा सरळ अंथरुणात. गवंडी माणूस, एका दिवसाचं काम, पण शेजारणींनी विचारलं की तात्या म्हणायचे, "सवड कुठे आहे?" दिवसभर खाटेवर बसून पायाची नखं बघणारा माणूस हा.

खरं कारण सांगतो, तुमच्यापाशीच ठेवा. एकदा सून फटीबाहेर नवऱ्याला म्हणाली होती, "या वाऱ्यात बाबा हिवाळा कसा काढणार? आत घ्यायला हवं त्यांना." त्या एका वाक्यावर तात्या बसून होते. सून अंगणात आली की थोडं जास्तच खोकायचे.

थंडी पडली आणि मुलगा आला, तो फटी बुजवायच्या फोमचा डबा घेऊन. "पाच मिनिटांचं काम, बाबा."

"चौकट हलतेय, दिसत नाही?"

"त्याने काय होतंय?"

"आणि धूळ न झाडता ते चिकटणार कशाला, तुझ्या कपाळाला?"

मुलाने डबा दाबलाच. पिवळा फेस फुगून लोंबू लागला. तात्यांना ते बघवेना. "हो बाजूला."

झालं. खोकला विसरले. फेस खरवडला, पाचरी ठोकून चौकट सरळ केली, विटा भिजवल्या, विटांचे तुकडे आणि सिमेंट-वाळूचा माल दाबून दाबून भरला. संध्याकाळपर्यंत असं काम उतरलं की जन्मात उतरलं नव्हतं.

सून चहा घेऊन आली. "किती उबदार झालंय हो. मी यांच्या मागे लागले होते, पुढची खोली रिकामी करा म्हणून."

"मग?"

"आता काय गरज? जिवाला घोर होता, मिटला."

"हो, मिटला," तात्या म्हणाले.

जाताना तिने दार ओढून घेतलं. घरातले आवाज तिथेच तुटले. तात्यांनी हात ओला केला आणि चौकटीच्या कडेने वरपासून खालपर्यंत फिरवला. वारा कुठेच लागला नाही. मग पुन्हा हात ओला केला, आणि खालून, जरा सावकाश, वर नेला.