तुझी, तुमची, तुला

शाळेत मराठीत मी कायम पहिली. त्यामुळे आमच्या गल्लीत माझं नाक जरा वरच असायचं. शिरगावची आत्या मात्र मला ‘कॅम्पातली पोर’ म्हणायची. “तुझी मराठी अर्धी सिंधी पापडात गुंडाळलेली,” असं म्हणून ती हसायची आणि मला तिचा मनापासून राग यायचा. उल्हासनगरच्या सिंधी कॅम्पात राहते म्हणून काय झालं, मार्क तर बघ.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. शेजारच्या सिंधी आंटींनी एका संध्याकाळी मला बोलावून घेतलं. समोर पापड आणि पाणी ठेवलं, पाहुण्याला द्यावं तसं. म्हणजे काम मोठं होतं. त्यांचे यजमान वारल्यावर त्यांच्या जागी आंटींना सरकारी कचेरीत नोकरी लागली होती. ती पक्की व्हायला मराठीची परीक्षा पास व्हायला हवं होतं आणि त्या दोनदा नापास झाल्या होत्या.

“साहेब बोलला, आता ही लास्ट,” त्या म्हणाल्या. “ह्याच्यात पण गेली तर घरी बसा.” आतल्या खोलीत त्यांच्या दोन मुली शाळेचा अभ्यास करत होत्या, त्यांचं मोठ्यानं वाचणं एकदम थांबलं.

“टेन्शन घेऊ नका आंटी,” मी म्हणाले. “मी तुमची मदत करते ना.”

रोज संध्याकाळी तासभर आम्ही जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसायचो. पत्र, निबंध त्या पाठ करून टाकत. घोडं अडायचं ते ‘खालील वाक्ये शुद्ध करून पुन्हा लिहा’ इथे. ‘तिने दही आणली.’ मी सांगितलं, दही ‘ती’ नाही, ‘ते’.

“मरद नाय, औरत नाय, मग दही आहे कोण?” आंटींनी विचारलं. उत्तर मला आजही माहीत नाही. मी ‘पाठ करा’ म्हणाले.

दुसरी भानगड ‘तू काल कुठे गेली?’ची. इथे ‘गेलीस’ हवं. “‘स’ कशाला? त्याच्याशिवाय पण समजतं की,” असं त्या रोज म्हणायच्या आणि रोज विसरायच्या. मीही कडक मास्तरणीसारखी रोज दहा वेळा लिहायला लावायचे. गल्लीत मैत्रिणींशी बोलताना मी तो ‘स’ खुशाल खाऊन टाकत असे, ही गोष्ट वेगळी.

आणि मग ते वाक्य आलं. ‘मी तुझी मदत करीन.’

“इसमें क्या गलत है?” आंटींनी पेन टेकवून विचारलं.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यात काहीच चूक नव्हती. आम्ही सगळे असंच बोलायचो. उत्तरं छापलेली नव्हती आणि आंटी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. येत नाही म्हणावं, तर मराठीत पहिली आलेल्या पोरीची काय शान राहिली? पडले तरी नाक वर. “आदर नाही ना ह्यात,” मी ठणकावून सांगितलं. “‘तुझी’ काढा, ‘तुमची’ लिहा.” त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘मी तुमची मदत करीन.’

परीक्षा महिन्याभरानं एका रविवारी झाली. सोमवारी कॉलेजात मराठीच्या मॅडम वह्यांचा गठ्ठा घेऊन जिना चढत होत्या. मी पुढे होऊन म्हणाले, “मॅडम, मी तुमची मदत करू?”

“माझी मदत कशाला करतेस?” त्या हसून म्हणाल्या. “मला मदत कर. मदत कुणाची नाही करत, कुणाला करतात. कुणाची ती हिंदीत.”

त्यांनी गठ्ठा माझ्या हातात दिला आणि मला आंटींची वही आठवली. वाक्यात चूक होती, नेमकी मी बोट ठेवलं त्याच शब्दात होती आणि मी ती आणखी आदरानं करायला शिकवलं होतं. हेच वाक्य कालच्या पेपरात आलं असेल तर? एका मार्कानं गेल्या तर? बाकी मी काय काय चुकीचं सांगितलं असेल, हे तर मला कळणारही नव्हतं.

निकाल लागेपर्यंत मी आंटींना तोंड दाखवलं नाही. त्यांच्या दाराची कडी वाजली की मी मोरीत जायचे. आई म्हणाली, गुरुदक्षिणा नको म्हणून लपतेस काय? मला रडू यायचं आणि सांगता येत नव्हतं.

दोन महिन्यांनी त्या स्वतःच आमच्याकडे आल्या, मिठाईचा पुडा आणि ती वही घेऊन. पास झाल्या होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ओझं उतरेना. “आंटी,” मी म्हणाले, “ते मदतीचं वाक्य मी चुकीचं सांगितलं होतं.”

“मालूम है,” त्या म्हणाल्या आणि वही उघडली. ‘तुमची’वर निळी रेघ होती आणि वर बारीक अक्षरात ‘तुला’. “ऑफिसातल्या बाईनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं.”

त्यानंतर महिनाभर त्या रोज माझ्यासमोर तीच वही घेऊन बसल्या होत्या. ते पान त्यांनी पुन्हा कधी उघडलं नव्हतं.

“मग मला का नाही बोललात?”

“बोलली असती तर तू दुसऱ्या दिवशी आली असती?”

नसते गेले. आंटींनी पुडा माझ्या हातात ठेवला, जरा थांबल्या, मनात जुळवाजुळव केली आणि सावकाश म्हणाल्या, “तू मला मदत केलीस.”

‘मला’ आंटी ऑफिसातल्या बाईकडून शिकल्या होत्या. ‘केलीस’मधला ‘स’ माझा होता.