चादरीतला शेख

मंडळी, आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

माझा भाऊ मस्कतला ड्रायव्हर आहे. त्यानं सकाळी तिथल्या पोरांनी केलेला एक कॉमेडी व्हिडिओ पाठवला. तिकडची रीत अशी, की पाहुण्यानं रिकामा कप हलवून दाखवला नाही तर घरचा माणूस कॉफी ओततच राहतो. व्हिडिओतल्या पाहुण्याला हे ठाऊकच नाही. तो बिचारा पितोय आणि म्हातारा ओततोय. भाषा कळली नाही, तरी आई आणि मी पोट धरून हसलो.

आमचा चुलतभाऊ म्हणजे हिंडलग्याचा रीलस्टार. व्हिडिओ बघून म्हणाला, “ह्येच मी करतो.” थोड्या वेळानं आमच्याच अंगणात उभा! डोक्यावर आमची पांढरी चादर, तिच्यावर माझा केसांचा रबर, तोंडानं काहीतरी अगम्य बडबड आणि हवेत खोट्या नोटा. व्हिडिओतल्या सगळ्यांनी साध्या टोप्या घातल्या होत्या, पण बघतंय कोण?

“कप कुठाय रं?” मी विचारलं.

“कप कशाला गं आक्का? अरब म्हटल्यावर पैसाच दावायचा. लोकं लई हसत्यात.”

मग जेवायला बसला. आईनं भात वाढला, नको नको म्हणताना परत वाढला. शेवटी ताटावर आडवा होऊन ओरडायला लागला, “बास गं काकू, पोट फुटंल!” आईनं त्याच्या बोटांच्या फटीतून आमटी सोडली.

आणि गाढवाचा मोबाईल चार्जिंगला.

चादर धुवायला टाकलीय. त्याच्या रीलला लाईक देणारे तुमच्यात कोण कोण आहेत? सांगा, आईला वाढायला बसवते.