भूतान, मालदीव आणि दामूशेठचे पाच पोकलेन

“भूतान का मालदीव, येवढंच सांगा मॅडम. बाकीचं आमी बघतो.”

दामूशेठ खुर्चीत बसायच्या आधीच बोलले. पनवेलजवळ कोन गावात त्यांचे पाच पोकलेन आहेत, म्हणजे माती खणायची यंत्रं. ते सगळे परदेशी पाठवायचे, इथला धंदा गुंडाळायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. कुठे पाठवायचे, ते आमच्या पनवेलच्या कन्सल्टन्सीने सांगायचं. मी तिथे इकॉनॉमिस्ट आहे.

“दोन्ही देशांची स्थिर भांडवल गुंतवणूक तपासते,” मी म्हटलं.

“म्हंजे?”

“वर्षभरात देशाने काय बांधलं, कुठली यंत्रं घेतली. रस्ते, धरणं, हॉटेलं.”

“आन् जमीन?”

“जमिनीची खरेदी धरत नाहीत. ती आधीपासून तिथेच होती. मालक फक्त बदलला.”

शेठनी माझी डिग्री खोटी असावी अशा नजरेने पाहिलं. पनवेलमध्ये इन्व्हेस्टमेंट म्हणजे प्लॉट. बाकी सगळा खर्च.

छोट्या देशांची एक गंमत असते. भूतानात एक मोठं धरण सुरू झालं की अख्ख्या देशाचा आकडा ताठ उभा राहतो. बांधून झालं की आडवा. मालदीवचंही तेच, फक्त धरणाच्या जागी विमानतळ, पूल आणि रिसॉर्ट. त्यामुळे एका वर्षावर विसंबायचं नाही. देशाच्या एकूण उत्पन्नातला किती वाटा बांधकामात आणि यंत्रांत जातो, त्याची मी बऱ्याच वर्षांची सरासरी काढली. भूतान पुढे निघाला.

आमचे बॉस सबनीस सर खूश झाले. “भूतान लिहून टाका. मग पुढचा प्रोजेक्ट रिपोर्टही आपल्यालाच मिळेल.”

“सर, तिथे बांधकाम होतंय एवढंच हा आकडा सांगतो. शेठना काम मिळेल असं नाही सांगत.”

“ते डिस्क्लेमरमध्ये टाका. बारीक अक्षरात.”

प्रेझेंटेशनच्या दिवशी मी भूतानच्या स्लाइडवर आले आणि शेठचा फोन वाजला. ते तिथेच ओरडायला लागले. “कुनाचा डंपर? खोपोलीचा? गेटवरच उभा कर त्याला! गाववाल्यांच्या गाड्या असताना भायेरचा आत येतोच कसा?”

आमच्याकडे हा रिवाज आहे. प्रोजेक्ट ज्या गावाच्या जमिनीवर, तिथलं माती-खडीचं काम पहिलं त्या गावाचं. मोठमोठ्या कंपन्यांना हे कोणी लेखी देत नाही. गेटवर समजतं.

फोन ठेवून शेठ म्हणाले, “हां. तर भूतान.”

“शेठ, तिकडच्या गावातही एखादा दामूशेठ असेल ना?”

“असंल की.”

“तुमचे पाच पोकलेन ट्रेलरवर चढून त्याच्या गेटवर गेले तर?”

सबनीस सर जोरात खोकले. शेठ पोट हलवत हसले.

“नाय सोडनार. आमी सोडत नाय, तो कशाला सोडंल? आन् मालदीववाला?”

“तोही काय वेगळा असणार?”

“मंग येवढी रंगीत चित्रं कशाला काढली?”

मी प्रोजेक्टर बंद केला.

शेठनी परदेशाचा नाद सोडला. पोकलेन सध्या कोनलाच खणतायत. प्रोजेक्ट रिपोर्टचं काम अर्थातच आलं नाही, आणि सबनीस सरांनी बरेच दिवस चहा फक्त स्वतःपुरता मागवला.

दोन देशांचे आकडे शेजारी मांडायला एक दुपार पुरते. त्यातलं किती काम परक्याच्या हाती लागेल, याचा रकाना कुठल्याच टेबलमध्ये नसतो. आता मी असा क्लायंट आला की आधी विचारते, तिथले असता तर तुम्ही स्वतःला आत घेतलं असतं का? निम्मे तिथेच उठून जातात. फी बुडते, पण स्लाइड काढायचे कष्ट वाचतात.